काळा धूर: कंदिलाचा आणि पोकलेनचा

कंदिलाची वात जरा जास्त वर केली की दोन मिनिटांत काच काळवंडते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वात खाली घेतली की ज्योत पुन्हा स्वच्छ होते. आता वात न हलवता काचेच्या वरच्या तोंडावर पत्र्याचा तुकडा चिमट्याने अर्धवट धरला तर काय होईल? (हा प्रयोग शिक्षकांनीच करावा, काच तापलेली असते.) काच पुन्हा काळी पडते. पहिल्या वेळी रॉकेल जास्त झाले. दुसऱ्या वेळी रॉकेल तेवढेच होते, पण हवा कमी पडली. काजळी मात्र दोन्ही वेळा सारखीच. नुसत्या काजळीकडे पाहून तिचे कारण सांगता येत नाही, ही गोष्ट पुढच्या सगळ्या विवेचनात उपयोगी पडणार आहे.

समजा, शाळेजवळ रस्त्याचे काम चालू आहे. खोदकामाचे यंत्र, ज्याला सगळेजण पोकलेन म्हणतात, मातीत बादली घालते आणि धुराड्यातून काळाकुट्ट लोट निघतो. भोवतालचे लोक लगेच निदान करतात. कोणी म्हणतो डिझेल भेसळीचे आहे, कोणी म्हणतो इंजिन संपले. अशा निदानावर विसंबून महागडे भाग बदलले जातात आणि धूर तसाच राहतो. मग योग्य निदान कसे करावे? त्यासाठी आधी इंजिनात ज्वलन कसे होते ते पाहू या.

रुडॉल्फ डिझेल यांचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे चालले. या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. दट्ट्या वर येताना सिलिंडरमधील हवा साधारण सोळाव्या ते अठराव्या हिश्श्याइतकी दाबली जाते. त्यामुळे तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. या तप्त हवेत इंजेक्टर नावाच्या पिचकारीतून डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेट घेतो. फवाऱ्याच्या कडेला भरपूर हवा असते, पण गाभ्यात ती कमी पडते. तेथे उष्णतेने डिझेलच्या रेणूंतील हायड्रोजन सुटा होतो आणि कार्बनचे सूक्ष्म कण तयार होतात. हीच काजळी. म्हणजे ती निरोगी इंजिनातही तयार होतेच, पण पुढच्या क्षणी भोवतालची हवा तिच्यात मिसळते आणि बरीचशी काजळी जळून जाते. हवा, उष्णता किंवा वेळ यांपैकी काहीही कमी पडले की उरलेली काजळी धुराड्यातून बाहेर येते.

हवा किती लागते? एक किलो डिझेल पुरते जळण्यास सुमारे १४.५ किलो हवा लागते. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ०.८४ किलो असते, म्हणून त्याला सुमारे १२ किलो हवा हवी. एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलो भरते. म्हणजे एक लिटर डिझेलला दहा घनमीटर हवा! शिवाय हवा व इंधन मिसळण्यास केवळ काही हजारांश सेकंद मिळतात, त्यामुळे मिश्रण अपुरे राहते. म्हणून पूर्ण भार असतानाही हिशोबापेक्षा बरीच जास्त, सुमारे दीडपट, हवा द्यावी लागते. तासाला दहा लिटर डिझेल खाणारे इंजिन या हिशोबाने तासाला १५० घनमीटर हवा ओढते. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद व ३ मीटर उंच अशा वर्गखोलीत जवळजवळ एवढीच हवा मावते. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.

आता निदानाकडे वळू. पहिली खूण रंगाची. धूर निळसर असेल तर वंगणाचे तेल जळत आहे. पांढरा असेल तर न जळलेल्या डिझेलचे थेंब किंवा पाण्याची वाफ बाहेर पडत आहे. काळा असेल तरच पुढचा विचार करायचा.

दुसरा प्रश्न: धूर केव्हा येतो? जुन्या इंजिनाचा वेग एकदम वाढवला की क्षणभर काळा धूर येतो, कारण हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचार्जरला गती घेण्यास थोडा वेळ लागतो. तो दोष नव्हे. पण भार असेपर्यंत धूर येतच राहिला तर दोष आहे. धूर महिनोन् महिने हळूहळू वाढला असेल तर काहीतरी तुंबत किंवा झिजत आहे. एका दिवसात सुरू झाला असेल तर काहीतरी निसटले, फाटले किंवा अडकले आहे. दुरुस्तीनंतर सुरू झाला असेल तर त्या दुरुस्तीवरच संशय घ्यावा.

यानंतर तपासणी, आणि तिची सुरुवात हवेपासून. धुळीत काम करणाऱ्या यंत्राचा हवेचा फिल्टर तुंबणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि तो पाहणे सर्वांत सोपे व स्वस्त. साध्या यांत्रिक पंपाला हवा कमी झाल्याचे कळत नाही. तो तेवढेच डिझेल देत राहतो. कंदिलावर पत्रा धरला तेव्हा हेच घडले होते. काहीजण फिल्टर काढून इंजिन चालवून पाहतात. ते टाळावे, कारण आत गेलेली धूळ सिलिंडर घासून काढते. फिल्टर चांगला असेल तर टर्बोचार्जरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी पाहावी. ती चिरली असेल तर भार पडताच शिट्टीसारखा आवाज येतो. मग टर्बोचार्जरची फिरकी मोकळी फिरते का आणि धुराडे आतून तुंबले आहे का, हे इंजिन बंद व थंड असताना पाहावे.

हवेची बाजू निर्दोष ठरली तरच इंधनाकडे जावे. इंजेक्टरचे तोंड झिजले की बारीक फवाऱ्याऐवजी मोठे थेंब पडतात आणि ते वेळेत जळत नाहीत. इंजेक्टर काढून चाचणीयंत्रावर फवारा पाहिला की हे कळते. नव्या इंजिनांत हा दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असतो. बारीक गळतीची धारही कातडी भेदून आत शिरते, म्हणून हे काम प्रशिक्षित कारागिराचेच. जास्त ताकद मिळावी म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलेले असू शकते. ही वर चढवलेली वात! डिझेल उशिरा फवारले जात असेल तर जळण्यास वेळ पुरत नाही. झडपा किंवा दट्ट्याच्या कड्या झिजल्या असतील तर हवा पुरेशी दाबली व तापली जात नाही. इंजिन उघडावे लागते ते या शेवटच्या पायरीवर.

कधी यंत्रात दोष नसूनही धूर येतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ५,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब निम्म्यावर येतो. लडाखमधील उंच खिंडींत रस्ते बांधणाऱ्या यंत्रांना म्हणूनच प्रत्येक श्वासात कमी ऑक्सिजन मिळतो.

तपासणीचा एक नियम मात्र पाळावा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि धूर पुन्हा पाहायचा. फिल्टर, इंजेक्टर व पंप एकाच दिवशी बदलले तर दोष कशात होता हे कधीच कळणार नाही.

‘धूर कमी झाला’ हेही मोजूनच म्हणावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील रिंगेलमान यांनी त्यासाठी एक साधा तक्ता सुचवला. पांढऱ्या कागदावर १० मिलिमीटरचे चौकोन आखून त्यांच्या रेघा १, २.३, ३.७ आणि ५.५ मिलिमीटर जाड कराव्यात. असे चार कागद होतात. त्यांत काळा भाग सुमारे २०, ४०, ६० आणि ८० टक्के भरतो. हे का, ते विद्यार्थ्यांनी क्षेत्रफळावरून पडताळावे. कागद इतके लांब लावावेत की रेघा मिसळून करडा रंग दिसेल. मग सूर्य पाठीशी ठेवून, यंत्रापासून सुरक्षित अंतरावरून धुराशी तुलना करावी. दुरुस्तीपूर्वी तिसरा क्रमांक आणि नंतर पहिला, ही नोंद कोणाच्याही मतापेक्षा भक्कम आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? काळा धूर म्हणजे पैसे देऊन घेतलेले, पण पुरते न जळलेले डिझेल. हीच काजळी वंगणात मिसळून इंजिन झिजवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणारा असल्याचे जाहीर केले. यंत्राचा चालक, शेजारी खडी पसरणाऱ्या बाया आणि जवळच्या शाळेतील मुले हाच धूर श्वासात घेतात. अनेकदा त्यावरचा उपाय एका स्वच्छ फिल्टरइतका साधा असतो. तो आधी पाहायचे सुचले पाहिजे, इतकेच.