चिकूची फोड कुत्र्याला द्यावी का?

दोस्तांनो, आधी एक कोडं सोडवा. चिकूच्या वाडीत झाडाखाली एक चिकू पडलाय. चांगला पिकलेला, बोट लावलं तर आत जाईल इतका मऊ. तिथे एक मांजर आलं आणि पाठोपाठ कुत्राही आला. चिकू कोण खाईल?

उत्तर आहे कुत्रा! मांजराला गोड चव कळतच नाही. जिभेवर गोडी ओळखण्यासाठी जो जनुक लागतो, तो मांजराच्या शरीरात निकामी झालाय. 2005 मध्ये शास्त्रज्ञांनी हे शोधून काढलं. कुत्र्याचा तो जनुक मात्र शाबूत आहे. म्हणून मांजर चिकू हुंगून पुढे जाईल आणि कुत्रा तो चाटूनपुसून खाईल.

डहाणूहून चारोटीकडे निघालं की वाटेत आशागड गाव लागतं. हा डहाणू तालुकाच चिकूचा. इथल्या 'डहाणू घोलवड चिकू'ला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि वाडी म्हटली की राखणीला कुत्रा आलाच. मग त्या मोत्याला किंवा वाघ्याला आपण चिकूची फोड द्यावी का? गाजर, काकडी, द्राक्षं चालतील का? आणि रात्रीचं उरलेलं कालवण?

लांडग्याचा नातू भाकरी कशी पचवतो?

कुत्र्याचे पूर्वज लांडगे. म्हणजे मांस खाणारे. पण कुत्र्याच्या कुळाला फळांचं वावडं मुळीच नाही. आपल्याकडचा कोल्हा बोरं आवडीने खातो. त्याच्या विष्ठेतून बिया लांब जाऊन पडतात आणि तिथे नव्या बोरी उगवतात.

कुत्रा तर माणसाबरोबर निदान पंधरा हजार वर्षं राहतोय. माणूस शेती करायला लागला, तशी कुत्र्याच्या वाट्याला भाकरी आणि भात यायला लागला. त्यातलं पिष्ट पचवायला अमायलेज नावाचं विकर लागतं. 2013 मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी कुत्रे आणि लांडगे यांचे जनुक ताडून पाहिले. हे विकर बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात फक्त 2 प्रती निघाल्या, तर कुत्र्यांत 4 पासून 30 पर्यंत! आपल्या पंगतीला बसून बसून कुत्र्याचं पोटच बदललं.

आणखी एक गंमत ऐका. आपल्याला आवळा, पेरू, लिंबू खावंच लागतं, कारण आपलं शरीर क जीवनसत्त्व बनवू शकत नाही. कुत्र्याचं यकृत ते घरच्या घरी बनवतं. म्हणजे फळ हा कुत्र्याचा खाऊ आहे, त्याचं जेवण नव्हे. खाऊ किती द्यायचा? दिवसभराच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, असं पशुवैद्य सांगतात.

चिकू कापून बघा

आता एक चिकू आडवा कापा. आत काळ्याभोर, चकचकीत, चपट्या बिया दिसतील. एक बी धुऊन तळहातावर घ्या. तिच्या एका कडेने पांढरी रेघ गेलीय. टोकावरून हलकेच बोट फिरवा. टोचलं ना? तिथे मासे पकडायच्या गळासारखा बारीक आकडा आहे. कुत्रा कुठे चावून चावून खातो? तो घास सरळ गिळतो. अशी बी घशात अडकली तर जीव घाबरा होतो.

कच्च्या चिकूत तर चीक असतो आणि तुरटपणा आणणारी टॅनिनं असतात. तो खाल्ला की आपलं तोंड आवळून येतं, कुत्र्याचंही पोट बिघडतं. म्हणून नियम असा: चिकू पूर्ण पिकलेला हवा, साल आणि बिया काढलेल्या हव्यात, आणि एक लहानशी फोड पुरे. चिकूत साखर भरपूर असते. कुत्रा लठ्ठ असेल किंवा त्याला मधुमेह असेल, तर तीही नको.

बाकीच्या बऱ्याच फळांचंही असंच आहे. गर चालतो, घोळ बियांचा आणि सालींचा! कलिंगड द्या, पण बिया आणि साल काढून. पिकलेली पपई द्या, बिया काढून. आंब्याची फोड चालेल, पण कोय चोखायला देऊ नका, ती आतड्यात अडकली तर पोट उघडून काढावी लागते. सफरचंदाच्या बियांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, म्हणून मधला भाग काढून टाका. सीताफळाच्या बिया विषारी, त्या कुत्र्याच्या आसपाससुद्धा नकोत.

भाज्यांमध्ये काकडी आणि गाजर उत्तम, बारीक तुकडे करून. उकडलेला लाल भोपळा, उकडलेलं रताळं, उकडलेली फरसबीही चालते. मात्र मीठ, तिखट, फोडणी काही नको. कच्चा किंवा हिरवा पडलेला बटाटा आणि हिरवे टोमॅटो टाळा.

खरी भीती पातेल्यात

बघा, वाडीतल्या फळांपेक्षा जास्त धोका आपल्या स्वयंपाकघरात आहे. बोंबलाचं कालवण उरलं, भातात कालवलं आणि कुत्र्यापुढे ठेवलं, असं घरोघरी होतं. देणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण त्या कालवणात कांदा असतो, लसूण असतो, चिंच असते. आणि कुत्र्यासाठी या तिन्ही गोष्टी वाईट.

कांदा-लसणात गंधकाची काही संयुगं असतात. ती कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा करतात आणि त्या पेशी फुटायला लागतात. दहा किलो वजनाच्या कुत्र्याला 50 ग्रॅम कांदा, म्हणजे एक छोटा कांदा, बाधू शकतो. शिजवला, तळला, वाळवला तरी विष जात नाही. त्रासही लगेच दिसत नाही. काही दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते. तोवर कालवण सगळे विसरलेले असतात!

द्राक्षांचं रहस्य चिंचेपर्यंत

द्राक्षांची गोष्ट तर गुप्तहेरकथेसारखी रंगतदार आहे. 1999 च्या सुमारास अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या लक्षात आलं, की द्राक्षं आणि मनुका खाल्लेल्या काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतायत. पण द्राक्षात असं काय आहे? वीस वर्षं कोडं सुटेना. मग घरी बनवलेला खेळायचा रंगीत पिठाचा गोळा खाल्ल्यावरही तसाच आजार झालेला दिसला. त्या गोळ्यात द्राक्षं नव्हती. त्यात 'क्रीम ऑफ टार्टर' नावाची पूड होती. तिच्यात आणि द्राक्षात एक गोष्ट सारखी निघाली: टार्टारिक आम्ल. 2021 मध्ये पशुवैद्यांनी हा संशय जाहीर केला. 2022 च्या शोधनिबंधात आणखी एक आरोपी आला, आपली चिंच! चिंचेतही हेच आम्ल भरपूर असतं, आणि ती खाल्लेल्या कुत्र्यांनाही तसाच त्रास झाला होता. म्हणून द्राक्ष, मनुका, बेदाणे, चिंच यांतलं एकही कुत्र्याला द्यायचं नाही.

चॉकलेटही नाही. आणि च्युइंगगम? पूर्वी ते चिकूच्याच चिकापासून बनायचं! चिकूचं झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, तिथले लोक त्याचा चीक चघळायचे. आजच्या बिनसाखरेच्या काही च्युइंगगममध्ये झायलिटॉल असतं. आपल्याला त्याने काही होत नाही, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने झपाट्याने खाली येते.

चुकून खाल्लंच तर?

घाबरू नका आणि वाटही बघत बसू नका. घरातल्या मोठ्यांना लगेच सांगा. मीठ-पाणी पाजून ओकारी काढायचा प्रयत्न करू नका. पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. डॉक्टरांना चार गोष्टी सांगा: काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं आणि कुत्र्याचं वजन किती.

करून बघा

एका कागदावर तीन रकाने आखा. 'खुशाल द्या', 'बी आणि साल काढून द्या' आणि 'कधीच नाही'. आठवडाभर घरात जी फळं, भाज्या आणि कालवणं येतील, ती योग्य रकान्यात लिहा. एखाद्या नावाशी अडलात, तर पशुवैद्यांना विचारा. कागद चुलीजवळ किंवा ओट्याच्या भिंतीवर चिकटवा आणि उरलेलं अन्न कुत्र्याला कोण घालतं, आई, आजी की काका, त्यांना तो मोठ्याने वाचून दाखवा. आपल्या पंगतीत हजारो वर्षं बसलेल्या या सोबत्याला काय वाढायचं, हे ठरवणं आपल्याच हातात आहे.