पावसाच्या चार महिन्यांत टेबल टेनिसचा सराव



महाड-पोलादपूरच्या पावसाबद्दल तुम्हांला मी सांगायला नको. मृगाचा पाऊस धरला की सावित्री, काळ आणि गांधारी भरून वाहू लागतात, शाळेच्या मैदानाचे खाचर होते आणि कबड्डीसाठी आखलेली रेघ थेट दसऱ्यापर्यंत दिसत नाही. लावणीला मुले हाताशी येतात, पण लावणी ती किती दिवस पुरणार? बाकीच्या संध्याकाळी मुलगे पडवीत बसून मोबाईल पाहतात. मुलींची गत आणखी वेगळी. सातवी-आठवी झाली की "आता मोठी झालीस, मैदानावर काय खेळतेस?" असे घरातूनच सुरू होते, आणि पाऊस उघडला तरी त्यांचा खेळ काही पुन्हा सुरू होत नाही.

या मुलामुलींसाठी टेबल टेनिस सुचवावे म्हणून हा लेख. हा जिमखान्यातला, पैसेवाल्यांचा खेळ, असे तुमच्या मनात येईल. पण कामानिमित्त गावोगाव फिरताना मी पाहतो, ग्रामपंचायतीचे सभागृह, समाजमंदिर, शाळेची मोठी खोली यांना संध्याकाळी कुलूप असते. वर छप्पर आहे, खाली फरशी आहे, दिवा आहे. सुमारे २१ फूट लांब आणि १३ फूट रुंद मोकळी जागा असली की शिकणाऱ्यांचे काम भागते.

नियमाचे टेबल २.७४ मीटर लांब, १.५२५ मीटर रुंद आणि जमिनीपासून ७६ सेंटिमीटर उंच असते. म्हणजे ९ फूट, ५ फूट आणि अडीच फूट. मधली जाळी १५.२५ सेंटिमीटर उंच. चारसूत्री भातलावणीच्या दोरीवरची १५ सेंटिमीटरची खूण ज्यांच्या डोळ्यांत बसली आहे, त्यांना ही उंची मोजायला पट्टी लागणार नाही. विकतचे टेबल परवडत नसेल तर ८ बाय ४ फुटांचा, १९ मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा एक तक्ता शाळेच्या बाकांवर घट्ट बसवा. मापाने थोडा लहान, पण पहिले वर्ष त्यावर खुशाल निघते. तक्ता घेताना त्याची परीक्षा करून घ्या. फूटपट्टी उभी धरून ३० सेंटिमीटर उंचीवरून चेंडू सोडा. तो साधारण २३ सेंटिमीटर वर आला पाहिजे, आणि मध्यावर, कडेला, कोपऱ्यात सगळीकडे सारखाच.

चीनमध्ये शाळांच्या आवारात सिमेंटची टेबले असतात आणि जाळी नसली तर मुले विटांची ओळ मांडून खेळतात. आपल्याकडेही कोणी सभागृहात सिमेंटचे टेबल बांधू म्हणेल. ते पावसाळी हवेने फुगणार नाही हे खरे, पण हलणारही नाही, आणि त्याच सभागृहात ग्रामसभा, साखरपुडे आणि बारशी व्हायची असतात. माझे मत प्लायवूडच्या बाजूचे. मात्र त्याच्या दोन्ही अंगांना आणि चारही कडांना मेच्या अखेरीपर्यंत रंग लावून घ्या. एकाच अंगाला रंग दिला तर श्रावण येईपर्यंत तो पन्हळासारखा वाकतो. भिंतीला तिरका टेकवून ठेवला तरी तेच होते.

साध्या रबराच्या चार बॅटी आणि दीड-दोन डझन चेंडू आणा. हल्लीचा चेंडू प्लास्टिकचा, ४० मिलिमीटर व्यासाचा आणि २.७ ग्रॅम वजनाचा असतो. इतक्या हलक्या चेंडूला वाऱ्याची झुळूकही पुरते, म्हणून वाऱ्याकडची दारे-खिडक्या लावा आणि पंखा बंद ठेवा. नवशिक्याच्या हाती महागडी बॅट देणे म्हणजे नांगरट न करता संकरित बियाणे टाकणे. तोच पैसा चेंडूंवर घाला.

टेबल आले की काय होते ते आता सांगतो. पहिल्याच दिवशी सामने सुरू होतात. दोघे खेळतात, चौदा जण बघत बसतात. ज्याचा हात आधीच बरा तो पोरगा टेबल सोडत नाही, आणि मुली दाराशी उभ्या राहून घरी जातात. पंधरा दिवसांनी खेळ शिकलेले दोघेच निघतात. तेव्हा तासाचा बहुतेक वेळ सरावाला आणि शेवटची पंधरा मिनिटेच सामन्यांना, हा नियम पहिल्या दिवसापासून करा. मुले कुरकुरतील. कुरकुरू द्या.

सरावाची सुरुवात टेबलाशिवाय होते, म्हणूनच सोळा मुलांनाही एक टेबल पुरते. बॅट हस्तांदोलन करावे तशी धरायची, तर्जनी मागच्या बाजूने खालच्या कडेलगत सरळ. पकड विळ्यासारखी. सैल धरली तर निसटते, आवळली तर मनगट लाकूड होते. मग चेंडू बॅटवर उडवायचा. आधी सरळ बाजूने, मग उलट बाजूने, मग एक असा एक तसा. न पाडता ५० झाले की चालत चालत, तेही जमले की खाली बसत-उठत. त्यानंतर भिंत. दीड-दोन मीटरवर उभे राहून चेंडू भिंतीवर मारायचा, एक टप्पा घेऊन आला की पुन्हा मारायचा. या कामासाठी घराची पडवीही चालते. एकुलत्या मुलालाही जोडीदार लागत नाही.

उभे राहण्याकडे विशेष लक्ष द्या. आपली मुले लावणीच्या सवयीने कमरेत वाकतात. इथे वाकायचे ते गुडघ्यांत. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, भार चवड्यांवर, बॅट टेबलाच्या उंचीच्या वर. पाय कधी ओलांडून टाकायचे नाहीत, खेकडा सरकतो तसे बाजूला सरकायचे. फरशीवर खडूने दीड मीटर अंतराच्या दोन रेघा मारा आणि अर्ध्या मिनिटात किती फेऱ्या होतात ते मोजा. टेबल रिकामे नसताना बाकीच्या मुलांनी हेच करायचे. फरशी मात्र कोरडी हवी. छत्र्या आणि चपला दाराबाहेर.

आता टेबलावर. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या उजवीकडून मारलेला फटका तो फोरहँड, डावीकडून मारलेला तो बॅकहँड. दोघांनी समोरासमोर उभे राहून फक्त तिरका फोरहँड खेळायचा, उजव्या कोपऱ्यातून समोरच्याच्या उजव्या कोपऱ्यात. तिरका आधी घ्यायचे कारण साधे आहे. कर्णाची लांबी टेबलाच्या लांबीपेक्षा सुमारे ४० सेंटिमीटर जास्त भरते, म्हणून चेंडू बाहेर जाण्याची भीती कमी. जोरात मारायचे नाही. गुण नाहीत, हारजीत नाही, दोघांचा मिळून एकच आकडा. न चुकता २० झाले, मग ५०, मग १००. आकडा वहीत लिहायचा, तारीख घालून. ही वही फार कामाची आहे. खत दिल्यावर फुटवे मोजल्याशिवाय फरक कळत नाही, तसे इथेही मोजल्याशिवाय मुलाला आपली वाढ दिसत नाही, आणि वाढ दिसली नाही की आठव्या दिवशी ते येत नाही. फोरहँड बसला की तसाच तिरका बॅकहँड, त्यानंतर सरळ रेषेत.

हे जमले की पाय जोडायचे. एकाने चेंडू एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे देत राहायचे, दुसऱ्याने सरकत सरकत दोन्ही एकाच कोपऱ्यात परत करायचे. याची पुढची पायरी जगभर फाल्केनबर्ग या नावाने ओळखली जाते. पहिला चेंडू डाव्या कोपऱ्यातून बॅकहँडने. दुसरा त्याच कोपऱ्यात येतो, पण आपण बाजूला सरकून तो फोरहँडने मारायचा. तिसरा उजव्या टोकाला, तिथे धावून पुन्हा फोरहँड. मग परत डावीकडे. फाल्केनबर्ग हे स्वीडनमधले समुद्रकाठचे लहान शहर आहे. तिथला स्टेलान बेंगट्सन १९७१ साली, वयाच्या १८ व्या वर्षी, जगज्जेता झाला. ही कसरत तिथल्या क्लबातून बाहेर पडली आणि आज लहानमोठे सगळेच करतात. आपल्या मुलांनी ती दुसऱ्या पावसाळ्यात घ्यावी, पहिल्यात नको.

चेंडू पुरेसे असतील तर टोपलीचा सराव घ्या. जाणता माणूस टोपलीतून एकामागून एक चेंडू टाकतो, मुलगा थांबायला वेळ न मिळता २० मारतो, लगेच दुसरा पुढे. धाकटी मुले चेंडू गोळा करतात. यात कोणी बघत बसत नाही.

सर्व्हिस हा एकच फटका पूर्णपणे आपल्या हातचा असतो, आणि सराव नेमका त्याचाच राहतो. नियम असा, चेंडू उघड्या तळहातावर ठेवून निदान १६ सेंटिमीटर सरळ वर उडवायचा, तो टेबलाच्या कडेमागे आणि टेबलापेक्षा उंच असला पाहिजे, आणि खाली येतानाच मारायचा. समोरच्या अर्ध्या भागात नारळाची करवंटी किंवा वहीचा कागद ठेवा आणि दहापैकी किती लागतात ते मोजा. दहा मिनिटे रोज. एकट्याने होण्यासारखे काम आहे.

शेवटच्या पंधरा मिनिटांत सामने. गेम ११ गुणांचा, पण वेळ वाचवायला ८-८ पासून सुरू करा. अटीतटीचे गुण खेळण्याची सवय त्यानेच होते. सगळ्यांना एकदम खेळवायचे असेल तर फेरीचा खेळ घ्या. एक फटका मारायचा आणि टेबलाला वळसा घालून पलीकडच्या रांगेत जायचे, चुकला तो बाद. हसण्याने सभागृह दणाणते, आणि नकळत पाय तयार होतात.

कानही तयार होऊ द्यावेत. १९५२ साली मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर जागतिक स्पर्धा झाली, आशियातली पहिली. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला आणि एकेरीचा जगज्जेता झाला. त्या बॅटीचा आवाजच येत नव्हता, आणि आवाजावरून चेंडूचा वेग ओळखण्याची सवय असलेले भलेभले खेळाडू गोंधळले. एखाद्या मुलाला टेबलाकडे पाठ करून बसवा आणि चाललेल्या फटक्यांचा ठेका एकसारखा आहे की नाही ते सांगायला लावा.

मुलींसाठी वार आणि वेळ वेगळी ठरवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. वेगळी वेळ पहिल्या अडचणीला रद्द होते. एकाच तासात, एकाच वहीत, आळीपाळीने. या खेळात अंगातल्या ताकदीपेक्षा नजर आणि पाय जास्त चालतात, म्हणून मुलगा-मुलगी जोडी सरावाला उत्तम जमते. महाराष्ट्राच्या शैलजा साळोखे यांना याच खेळासाठी १९७६ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या सुंढिया गावच्या भाविना पटेल यांनी चाकाच्या खुर्चीतून खेळून २०२१ साली टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये रौप्यपदक आणले. तुमच्या वाडीत पायाने अधू असलेले लेकरू असेल तर त्यालाही टेबलाशी बसवा. तास मात्र दिवेलागणीपूर्वी संपवा, म्हणजे लांबच्या वाडीवरच्या आया निर्धास्त राहतील.

शिकवणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. शाळेतले एक गुरुजी किंवा बाई, नाहीतर मुंबईहून निवृत्त होऊन परतलेला एखादा चाकरमानी, ज्याने तिथे कचेरीत किंवा चाळीच्या मंडळात बॅट धरली आहे. असा माणूस बहुतेक गावांत निघतो. खर्चाची गोष्ट गणपतीत काढा. तेव्हा गावकी आणि मुंबई मंडळ एकत्र बसलेले असते. देवळाच्या रंगापेक्षा एक टेबल स्वस्त पडते.

महाड शहरात आणि सावित्रीकाठच्या गावांत सामान तळमजल्यावर ठेवू नका. जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्यांना याचे कारण सांगायला नको. तक्ता माडीवर आडवा ठेवा, बॅटी कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात. रबर दमट झाले की चेंडू त्यावरून घसरतो, म्हणून खेळतानाही फडके जवळ असू द्या.

शालेय क्रीडा स्पर्धांत टेबल टेनिस आहे, १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलामुलींसाठी वेगवेगळे गट आहेत आणि नोंदणी शाळेमार्फत होते. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचे कार्यालय अलिबागला आहे. शाळा उघडताच मुख्याध्यापकांना भेटून आपल्या मुलांची नावे द्या आणि जन्मतारखेचे दाखले आधीच काढून ठेवा.