टाइपस्क्रिप्टचा मधला आकडा बदलला आणि आमचा बिल्ड फुटला

२०२१ मध्ये पहिली नोकरी लागून मला काहीच महिने झाले होते. शुक्रवारी संध्याकाळी नव्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट उतरवला, एनपीएम इन्स्टॉल केलं, बिल्ड चालवला आणि स्क्रीनभर लाल ओळी! कोडला मी हातही लावला नव्हता. कारण सापडेपर्यंत रात्रीचे दहा वाजले. टाइपस्क्रिप्ट ४.३ चं ४.४ झालं होतं, बस्स.

टाइपस्क्रिप्ट म्हणजे जावास्क्रिप्टच, फक्त कुठे नंबर आणि कुठे स्ट्रिंग येणार हे कोड चालण्याआधी तपासणारं. बिल्ड होताना हे टाइप्स पुसले जातात, ब्राउझरला ते दिसतच नाहीत. त्यामुळे लोकांच्या फोनवरची साइट चालूच होती, अडलो होतो आम्ही.

बऱ्याच लायब्ररींमध्ये मधला आकडा वाढला तरी जुना कोड चालतो. टाइपस्क्रिप्ट हा नियम पाळत नाही. दर काही महिन्यांनी नवं व्हर्जन येतं आणि त्यात जुना कोड अडवणारे बदल असू शकतात. ४.९ नंतर ५.० आलं, तेही फक्त पुढचा आकडा म्हणून.

४.४ मध्ये काय बदललं? स्ट्रिक्ट मोडमध्ये कॅच ब्लॉकमधली एरर 'एनी'ऐवजी 'अननोन' झाली. जावास्क्रिप्टमध्ये थ्रो करून काहीही फेकता येतं, नुसती स्ट्रिंगसुद्धा. मग तिच्यात 'मेसेज' असेलच कशावरून? मी चिडलो होतो खरा, पण आमच्याच कोडमध्ये एका ठिकाणी स्ट्रिंग फेकलेली निघाली. तिथे युजरला एररच्या जागी 'अनडिफाइन्ड' दिसत होतं, किती दिवस कोण जाणे. आधी 'इन्स्टन्सऑफ एरर' तपासायचं, मग मेसेज वाचायचा, एवढीच दुरुस्ती.

तेव्हापासून पॅकेज फाइलमध्ये टाइपस्क्रिप्टपुढे ^ ऐवजी ~ ठेवतो, म्हणजे मधला आकडा आपोआप वाढत नाही. लॉक फाइल गिटमध्ये जाते (तेव्हा जात नव्हती, हे कबूल). आणि रिलीज नोट्समध्ये नव्या फीचर्सआधी 'ब्रेकिंग चेंजेस' वाचतो.

प्रत्येक बातमीमागे धावत नाही. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपायलर गो भाषेत नेत असल्याचं जाहीर केलं. व्हीएस कोडचा सगळा कोड तपासायला ७७.८ सेकंद लागायचे, ते ७.५ वर आले. भारी आहे, पण तुम्ही आत्ता शिकत असाल तर लिहायची भाषा तीच आहे.

लॅपटॉप नसेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये टाइपस्क्रिप्ट प्लेग्राउंड उघडा. ट्राय-कॅच लिहून कॅचमध्ये एररचा मेसेज वाचा आणि व्हर्जनच्या यादीतून आधी ४.३, मग ४.४ निवडा. लाल रेघ कुठे उमटते ते दिसेल.