घरातला समुद्र लोक का सोडतात

छंद कसा लागतो याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. तो कसा सुटतो याविषयी सहसा कोणी बोलत नाही. वास्तविक एखाद्या छंदाची खरी किंमत काय, हे तो सुटण्याच्या वेळीच नीट कळते. म्हणून आजच्या विवेचनासाठी मी असा एक छंद निवडला आहे, की ज्यात माणसे मोठ्या हौसेने शिरतात आणि पुष्कळदा काही वर्षांतच मुकाट्याने बाहेर पडतात. घरात काचेची टाकी मांडून तीत खारे पाणी, समुद्रातले मासे आणि जिवंत प्रवाळ सांभाळण्याचा हा छंद होय. आपल्याकडे तो थोड्यांनाच ठाऊक आहे. युरोप-अमेरिकेत मात्र त्याची मासिके आहेत, मंडळे आहेत आणि मोठी बाजारपेठही आहे.

प्रथम प्रवाळ म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. अंगठीतले पोवळे हा या मोठ्या गोतावळ्यातील एकाचा सांगाडा. जिवंत प्रवाळ हा प्राणी आहे; झाड नव्हे, दगडही नव्हे. असंख्य चिमुकले जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि पाण्यातील चुना घेऊन आपल्या बुडाशी दगडी बैठक रचतात. उष्ण समुद्रात भिंती उभारणाऱ्या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. म्हणून या प्राण्याला प्रखर उजेड लागतो, वाहते आणि निर्मळ पाणी लागते, आणि उष्णता, खारटपणा, चुना ही सर्व प्रमाणे रोज जवळजवळ सारखी लागतात. समुद्रात हे सर्व आपोआप घडते. घरात ते कोणी तरी घडवून आणावे लागते, आणि या ‘कोणी तरी’पाशीच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

याचा दाखला या छंदाच्या अगदी आरंभीच सापडतो. १८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून थंड पाण्यातली काही पोवळी गोळा केली व लंडनला आपल्या घरी नेली. समुद्राचे ताजे पाणी पुरेसे मिळेना, तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुनःपुन्हा ओतावयाचे, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे काम अर्धा-पाऊण तास चाले, आणि ते करीत असे घरातील एक लहान मोलकरीण. पोवळी जगली. आजच्या टाकीखाली जो विजेचा पंप अहोरात्र घरघरत असतो, त्याची पूर्वज ही मुलगी होय.

पुढे १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे मत्स्यालयाविषयीचे पुस्तक निघाले आणि इंग्लंडात या छंदाची साथच आली. दिवाणखान्यात टाकी असणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण ठरले. लोक झुंडीने किनाऱ्यावर जाऊन खडकांतील डबकी उपसू लागले. पण ही लाट १८६०च्या दशकातच ओसरली. टाकी विकत मिळत होती. पाणी निर्मळ राखण्याचा धीर विकत मिळत नव्हता. माणसांची हौस फिटली, किनाऱ्याची हानी मात्र मागे राहिली. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ सालच्या आपल्या आत्मकथनात उजाड झालेल्या त्या डबक्यांबद्दल मोठ्या व्यथेने लिहिले आहे.

यावर कोणी म्हणेल, की त्या काळी ज्ञानच नव्हते. आज ते आहे. खरे आहे. १९६१ मध्ये जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातील सच्छिद्र खडक त्यांवरील जिवाणूंसह टाकीत ठेवावयाचे व केवळ हवेच्या बुडबुड्यांनी पाणी हलते राखावयाचे, अशी ती पद्धत होती. पुढे जर्मनीतील हौशी मंडळींनी या विद्येत भर घातली. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने अमेरिकेत घरगुती प्रवाळ-टाकीचे वेड पसरविले. आज माहीतगार माणूस घरात प्रवाळ वर्षानुवर्षे वाढवू शकतो. तरीही लोक सोडतात. तेव्हा कारण केवळ अज्ञान नव्हे.

पहिले कारण पाण्याच्या मापात आहे. समुद्र अफाट आहे, म्हणून तो सावकाश बदलतो; टाकी लहान आहे, म्हणून ती झटकन बदलते. माशांच्या विष्ठेतून व उरल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात, आणि विषाची धार बोथट होते. पण हे जिवाणू टाकीत रुजण्यास काही आठवडे लागतात. दुधाला विरजण लावल्यावर भांडे हलवू नये, हे आपल्या घरातील मुलालाही ठाऊक असते. येथे मात्र नवखा माणूस चौथ्या दिवशीच रंगीत मासे आणून सोडतो. मासे मरतात, शैवाल माजते, आणि चार-सहा महिन्यांत टाकी विक्रीला निघते.

दुसरे कारण पहिल्याच्या उलट आहे. ते अपयशातून नव्हे, यशातून उद्भवते. दोनशे लिटर समुद्रजलात कॅल्शियम असते अवघे ८४ ग्रॅमच्या आसपास. प्रवाळ लहान असतात तोवर पाणी बदलून त्यांची भूक भागते. ते वाढले की रोज अधिक चुना मागतात. दगडी प्रवाळांनी भरगच्च झालेल्या टाकीत पाण्याच्या क्षारतेचा चौथा हिस्सा एका दिवसात खर्च होऊ शकतो. मग मोजमाप, औषधांच्या बाटल्यांसारखी द्रावणे आणि ती थेंबाथेंबाने सोडणारी यंत्रे आली. संसार वाढला की खर्च वाढतो, तसेच हे आहे. टाकी जितकी सुंदर, तितकी ती मालकाला अधिक बांधून ठेवते. म्हणून पाच-सात वर्षे उत्तम चाललेली टाकी एके दिवशी मोडलेली पाहून पाहुण्यांना नवल वाटते. ज्याने ती चालविली त्याला वाटत नाही.

तिसरे कारण म्हणजे सुट्टी नसणे. मिठागरात पाणी आटते आणि मीठ राहते. टाकीतही तेच घडते. दोनशे लिटरच्या टाकीतून रोज दोन-चार लिटर पाणी उडून जाते. तेवढे गोडे पाणी परत घातले नाही, तर खारटपणा चढत जातो. दर आठवड्याला वीस लिटर पाणी बदलावयाचे म्हटले, तरी दर खेपेस सुमारे पाऊण किलो खास मीठ, आणि तेही शुद्ध केलेल्या पाण्यात कालवून. वीज गेली तर पंप थांबतो आणि काही तासांतच पाण्यातील प्राणवायू कमी पडू लागतो. पाण्याची उष्णता नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी चढून तशीच राहिली, की प्रवाळ आपल्या शरीरातील शैवाल बाहेर टाकून पांढरे पडतात. एवढे सांभाळूनही रोग येतात, बांडगुळे येतात. एप्टेशिया नावाचे एक लहान समुद्रफूल उपटावयास जावे, तर उरलेल्या तुकड्यातून नवे उगवते. काही मऊ प्रवाळांत तर इतके जहाल विष असते, की त्यांचा खडक गरम पाण्याने उकळल्यामुळे वाफेने घरातील माणसांना रुग्णालयात दाखल व्हावे लागल्याचे प्रसंग घडले आहेत.

आता माणसाचे आयुष्य पाहा. बदली होते, मूल होते, आई-वडील अंथरुणाला खिळतात, भाड्याचे घर सोडावे लागते. दोनशे लिटरची टाकी खडक-वाळूसकट दोन-अडीचशे किलोंहून अधिक भरते. ती ट्रकमध्ये घालून नेण्याची वस्तू नव्हे. मुखवट्यासारखे पट्टे असलेला छोटा विदूषकमासा टाकीत वीस वर्षेही जगू शकतो. विकत घेताना त्याच्याकडे पाहून वीस वर्षांचा हिशेब कोण करतो? सोडणाऱ्यांना आपण चंचल म्हणतो. पण त्यांतील कित्येकांनी एका कर्तव्यासाठी दुसरे बाजूला ठेवलेले असते.

चौथे कारण सदसद्विवेकाचे आहे. गोड्या पाण्यातील शोभेचे मासे बहुतांशी तळ्यांत पैदा केलेले असतात. समुद्री मासे बहुतांशी अजूनही समुद्रातूनच पकडून आणलेले असतात. फिलिपीन्समध्ये १९६०च्या दशकापासून ते सायनाइडने गुंगवून पकडण्याची घातकी रीत सुरू झाली. ती मासा पकडते आणि त्याच्या आसऱ्याचे प्रवाळ मारते. हे कळल्यावर टाकीपुढे बसलेल्या माणसाचे मन खट्टू होणे स्वाभाविक आहे. आपल्या देशात कायद्यानेच बंधन आहे. भित्ती उभारणाऱ्या सर्व दगडी प्रवाळांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. मालवणच्या समुद्रातले पोवळे हौसेखातर घरी आणणे हा गुन्हा आहे, हे आपल्या तरुणांना ठाऊक असले पाहिजे.

मग सोडावे कसे? येथे एक चूक कधीही होता कामा नये. दया म्हणून टाकीतील जीव जवळच्या समुद्रात सोडू नयेत. मूळचा हिंदी व प्रशांत महासागरातला सिंहमासा १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यापाशी आढळला. पाळलेले मासे सोडून दिल्याचा तो परिणाम, असे शास्त्रज्ञ मानतात. आज तो तेथील समुद्रात सर्वत्र पसरून लहान माशांचा फडशा पाडीत आहे. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली समुद्रात दिसलेले कॉलर्पा हे टाकीतले शैवालही असेच भूमध्य समुद्रात पसरले. टाकी मोडावयाची तर जीव दुसऱ्या जाणत्या पालकाकडे द्यावेत. प्रवाळाची फांदी तोडून दुसऱ्या खडकावर चिकटविली, की ती नवी वसाहत म्हणून वाढते. ज्या देशांत हा छंद कायदेशीर आहे, तेथे एकाच प्रवाळाचे तुकडे घरोघर फिरत राहतात. छंद सोडणारा आपल्या हाताने वाढविलेले असे वाटून जातो, आणि त्याचे श्रम वाया जात नाहीत.

तात्पर्य, हा छंद सोडणारे लोक समुद्रावर रुसलेले नसतात. समुद्र न मागता जे काम अहोरात्र करतो, ते एका खोलीत आपल्या हातांनी करून पाहिल्यावर त्यांचे हात भरून आलेले असतात. त्यांतील अनेकांना खऱ्या प्रवाळभित्तीची काळजी इतरांपेक्षा अधिक वाटते, कारण एक-दोन अंश उष्णता म्हणजे काय, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. ज्यांना या मार्गाने जावयाचे आहे, त्यांनी टाकीची किंमत विचारण्यापूर्वी एकच गोष्ट स्वतःला विचारावी: खिडकीपाशी उभे राहून पाणी कोण ओतणार, आणि किती वर्षे? उत्तर प्रामाणिकपणे ‘मी’ असे आले, तरच पुढे जावे.