पोहता येत नाही? तरी डाइव्ह करता येते!

अंदमानातलं स्वराज द्वीप, म्हणजे २०१८ पर्यंतचं हॅवलॉक. इथे सकाळी छातीभर पाण्यात उभी असलेली पर्यटक मंडळी मास्कच्या काचेवर थुंकून बोटाने चोळताना दिसतात. किळसवाणं वाटतं खरं, पण लाळेमुळे काचेवर वाफ धरत नाही.

नवख्यांच्या 'ट्राय डाइव्ह'ला पोहता येण्याची अट सहसा नसते. वय किमान १० वर्षं, खोली फार तर १२ मीटर, आणि प्रशिक्षक सतत हाताच्या अंतरावर.

पहिला नियम एकच: श्वास रोखायचा नाही. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. ती कोंडली तर गंभीर इजा होऊ शकते. खाली जाताना मात्र नाक चिमटीत धरून हळूच फुंकत राहायचं, म्हणजे कान दुखत नाहीत. सर्दी असेल तर हे जमत नाही, डाइव्ह पुढे ढकललेली बरी. दमा किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

खरी गंमत खुणांची. क्लाउनफिश दिसला की नवखा खुशीत अंगठा उंचावतो आणि प्रशिक्षक त्याला वर न्यायला लागतो! पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ 'वर चला'. 'सगळं ठीक' सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

आणि हो, डाइव्ह सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. त्यानंतर विमानात बसायला १८ तास तरी जाऊ द्या.