बापाला घाणेरड्या मडक्यातून दारू पाजणारा सम्राट

पेरू देशातल्या माचू पिचूचे फोटो आपण कॅलेंडरवर टांगतो, पण ते ज्याचं फार्महाउस होतं त्या पाचाकुतीचं नाव फारसं कोणाच्या तोंडी नसतं. नववा इंका राजा. माणूस भलताच अतरंगी.

युवराज पळाला, धाकटा लढला
१४३८ च्या सुमाराची गोष्ट. इंकांच्या राजधानीवर, कुस्कोवर, शेजारचे चांका लोक चालून आले. म्हातारा राजा विराकोचा आणि त्याचा लाडका युवराज उर्को यांनी गाशा गुंडाळून डोंगरातलं सुरक्षित ठाणं गाठलं. धाकटा कुसी युपांकी मात्र मूठभर सरदारांसह मागे राहिला आणि त्याने चांकांना धूळ चारली. आख्यायिका म्हणते, ऐन लढाईत माळावरचे दगडधोंडे शिपाई होऊन उठले. गंमत पुढेच आहे: लढाई आटोपल्यावर पठ्ठ्याने ‘हेच ते दगड’ म्हणून निवडून आणवले आणि देव म्हणून बसवले! त्या काळात याहून स्वस्त आणि टिकाऊ प्रचार कोणाला सुचला असता?

मग आली मडक्याची वेळ
लुटीवर आणि कैद्यांवर पाय देण्याचा मान राजाचा. कुसीने तो रीतसर बापापुढे ठेवला, तर बाप म्हणाला, उर्कोला पाय देऊ दे. कुसीने साफ नकार दिला. पुढे म्हाताऱ्याला कुस्कोत येऊन स्वतःच्या हाताने या मुलाच्या कपाळावर राजचिन्हाची झालर बांधावी लागली. ‘जग उलथवणारा’ या अर्थाचं पाचाकुती हे नाव त्याला तेव्हा मिळालं. मग नव्या राजाने एक वापरलेलं, न धुतलेलं मडकं मागवलं, त्यात मक्याची दारू भरली आणि बापाला एका दमात प्यायला लावली. बाप प्यायला आणि माफीही मागितली.

सांगणारा कोण?
स्पॅनिशांनी इंका राज्य जिंकल्यानंतर, १५५१ मध्ये, हुआन दे बेतान्सोस या स्पॅनिश माणसाने हा किस्सा लिहिला. त्याची बायको आन्हेलिना पाचाकुतीच्याच घराण्यातली. म्हणजे ही सासुरवाडीची बाजू! उलट इंका राजकन्येचा मुलगा, लेखक गार्सिलासो, चांकांवरच्या विजयाचं श्रेय चक्क विराकोचाला देतो. इंकांकडे लिपी नव्हती, गाठी मारलेल्या दोऱ्यांचे किपू होते. त्यामुळे कोणाचे पणजोबा शूर हे सांगणाऱ्यावर ठरायचं. मला बेतान्सोसचं मडकं खरं वाटतं, पण त्यात मीठमसाला किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

राजा मेला, इस्टेट त्याचीच
इंकांच्या रिवाजाने नव्या राजाला फक्त गादी मिळे. जुन्याच्या जमिनी आणि महाल त्याच्या ममीच्या नावे राहत आणि बाकीचे वंशज त्यांची व्यवस्था पाहत. ममीला खाऊपिऊ घालत, सणाला चौकात मिरवत. नव्याला स्वतःची मिळकत हवी, म्हणून तो नवा मुलूख जिंकायला निघे, असं काही अभ्यासक म्हणतात. पाचाकुतीचा मुलगा तोपा इंका तर आजच्या इक्वेडोरपासून चिलीपर्यंत पोहोचला. चाक नाही, घोडा नाही, लोखंड नाही. होते ते रस्ते आणि धावणारे निरोपे.

माचू पिचू ही अशीच खासगी इस्टेट. १५६८ च्या एका जुन्या कागदात तिथल्या जमिनी पाचाकुतीच्या घराण्याच्या असल्याची नोंद आहे. ओळीने उतरत गेलेल्या सोळा कारंज्यांपैकी सर्वांत वरचं, म्हणजे पहिलं आणि स्वच्छ पाणी राजाच्या निवासाला. अमेरिकी संशोधक हायरम बिंगहॅमने १९११ मध्ये जागा जगापुढे आणली तेव्हा तिथे शेतकरी कुटुंबं आरामात राहत होती, तरी ‘शोध’ त्याचाच.

आणि खुद्द राजेसाहेब?
१५५९ मध्ये पोलो दे ओन्देगार्दो या स्पॅनिश अधिकाऱ्याने इंकांनी लपवलेल्या राजांच्या ममी हुडकून काढल्या. आकोस्ता या पाद्र्याने पाचाकुतीच्या ममीचं वर्णन करून ठेवलंय: पांढरे केस शाबूत, डोळ्यांच्या जागी सोन्याचा पातळ पत्रा आणि डोक्यावर कुठल्याशा लढाईत बसलेल्या दगडाची खूण. ममी लिमाला नेल्या आणि तिथे त्यांचा पत्ता हरवला.

पाचाकुतीने सुरू केलेला मानला जाणारा सूर्याचा सण ‘इंती राय्मी’ स्पॅनिशांनी बंद पाडला होता. १९४४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. दरवर्षी २४ जूनला कुस्कोजवळच्या साक्सायवामानच्या महाकाय दगडी तटांपुढे एक नट इंका राजा होऊन इंकांच्या केचुआ भाषेत सूर्याला हाक मारतो आणि जगभरचे पर्यटक तिकीट काढून ती ऐकायला येतात.