ताटातले सोबती

भाकरीत सर्वांत जास्त असतात ती कर्बोदके. घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, कारण लाळेने तोंडातच पिठाची साखर व्हायला सुरुवात झालेली असते. पुढे आतड्यातून ही साखर रक्तात उतरते आणि स्नायूंना, मेंदूला इंधन पुरवते. एक ग्रॅम कर्बोदकातून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, प्रथिनांतूनही तेवढ्याच, स्निग्ध पदार्थांतून मात्र ९. पण तेलातुपाचे काम तेवढ्यावर संपत नाही. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांच्या सोबतीनेच शरीरात शोषली जातात. पालेभाजीवरची लसणाची फोडणी म्हणूनच नुसती चवीसाठी नसते.

स्नायू, त्वचा, केस, पाचकरस, रक्तातले हिमोग्लोबिन या सगळ्यांची घडण प्रथिनांची. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी नऊ मोठ्या माणसाचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच यावी लागतात. ज्वारी, गहू, तांदूळ यांत लायसिन कमी, डाळींत मेथिओनिन कमी. भाकरी-पिठले किंवा वरण-भात एकत्र जेवले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. ही जोडी उत्तम आहे, प्रश्न प्रमाणाचा आहे. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५५ किलोच्या बाईला रोज सुमारे ४५ ग्रॅम. वाटीभर वरणात ३० ग्रॅम तूरडाळ शिजलेली असली तरी त्यातून सहा-सात ग्रॅमच मिळतात. पातळ वरणावर भागते, हा समज सोडायला हवा. उसळ, दही, शेंगदाणे, अंडी, मासळी यांपैकी काहीतरी रोज पानात हवेच.

जीवनसत्त्वे लागतात अगदी थोडी, पण त्यांची वाण पडली तर शरीर कोलमडते. त्यातल्या एकाचा शोध मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि गरोदर बायकांमधल्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करू लागली. त्यांत गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका होत्या. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर त्या बऱ्या होऊ लागल्या. अर्कातला तो घटक म्हणजे फोलेट, हे पुढे कळले. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला. आज गरोदरपणात दिल्या जाणाऱ्या फॉलिक आम्लाच्या गोळीचे मूळ इथे आहे. ब-१२ मात्र भाज्यांत नसते. शाकाहाऱ्यांना ते मुख्यतः दूधदुभत्यातून मिळते.

खनिजांत कॅल्शियम हाडांसाठी आणि आयोडीन थायरॉइडसाठी. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात कॅल्शियम तीनशे मिलिग्रॅमच्या वर असते, तेवढ्याच दुधापेक्षा दुपटीहून जास्त. चोथा आणि पाणी ऊर्जेसाठी नाहीत, पण त्यांच्यावाचून कोठा साफ राहत नाही.

सर्वांत जपावे लागते ते लोहाला. बाजरी, डाळी, पालेभाज्या यांतले लोह शरीर सहजी उचलत नाही. त्याच जेवणात लिंबू पिळले किंवा आवळ्याची फोड खाल्ली, तर क जीवनसत्त्वामुळे ते कितीतरी जास्त शोषले जाते. चहातली टॅनिन द्रव्ये नेमके उलटे करतात. म्हणून जेवणावर लगेच चहा नको. निदान तासभर तरी जाऊ द्यावा.